ताम्हिणीच्या घाटात, सायकलवरून

सायकल ही आमच्या घरात हौसेची वस्तू कधीच नव्हती. वडील दापोडीहून खडकीच्या कारखान्यात सायकलने जात. मी गेली तीस वर्षे भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये सायकलनेच जातो. दळण, रॉकेलचा डबा, पुढे गॅसची टाकी, पोरांची शाळा, आजाऱ्याला दवाखान्यात नेणे, सगळे तिच्याच कॅरियरवर झाले. म्हणून आमची धाकटी जेव्हा म्हणाली, ‘‘पप्पा, आपण सायकलवर फिरायला जाऊ, ताम्हिणीच्या घाटात,’’ तेव्हा घरात ते कोणाला चटकन समजलेच नाही. तिची आई म्हणाली, ‘‘फिरायला जायचं तर सायकल कशाला? आणि सायकल मारायची तर त्याला फिरणं कसं म्हणायचं?’’

प्रश्न बरोबर होता. दिवसभर मशीनवर उभे राहून आलेल्या माणसाला सायकल म्हणजे उरलेले काम वाटते. पण मुलीचे म्हणणेही खरे होते. कॉलेजातल्या मुली ताम्हिणीचे धबधबे बघून येतात, फोटो दाखवतात. मोटार असली की जायचे, नसली की फोटो बघायचे, हे तिला मान्य नव्हते.

मला मात्र त्या घाटाचे वेगळेच कारण होते. आमची वस्ती मुळा नदीच्या काठाला. ही मुळा येते मुळशीकडून. पावसाळ्यात मुळशी धरणातून पाणी सोडले की आम्ही सामान फळीवर चढवू लागतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२४ च्या जुलैत आम्ही रात्री जागून काढल्या. बाकीचे आठ महिने तीच नदी काळी आणि जलपर्णीने भरलेली. तिच्याकडे पाहून कोणाला वाटणार नाही की ही डोंगरातून, झाडीतून, धबधब्यांतून उतरून आली आहे.

दुसरे कारण माझ्या आजीचे. तिचे माहेर मुळशी खोऱ्यातले. ती दहा-अकरा वर्षांची असताना ते गाव धरणात गेले. तिच्या वडिलांच्या नावावर जमीन नव्हती, दुसऱ्याच्या शेतावर राबणारी माणसे ती. आजी म्हणायची, ‘‘ज्यांची जमीन होती त्यांनी भांडून तरी घेतलं. आमच्याकडं भांडायला कागदच नव्हता.’’ मग ते कुटुंब पायी पायी खडकीला कामाच्या शोधात आले. ज्या नदीने माहेर घेतले त्याच नदीच्या काठाला आजीने उरलेले आयुष्य काढले. तिच्या हयातीत मला तिला परत तिकडे नेणे जमले नाही. बस होती, पण बघायला पाण्याशिवाय काही उरलेच नाही, असे म्हणून ती नको म्हणत असे.

तर आम्ही जायचे ठरवले. आमच्या एमआयडीसीची सुट्टी गुरुवारची. २०२४ साली २ ऑक्टोबर बुधवारी आला, त्यामुळे रोज बुडवल्याशिवाय सलग दोन दिवस मिळाले. ऑक्टोबरचा पहिला आठवडा या प्रवासाला चांगला, हे मी मुद्दाम सांगतो. जुलै-ऑगस्टमध्ये ताम्हिणीत पाऊस असा पडतो की पुढचा माणूस दिसत नाही. त्याच वर्षी जुलैत तिथे एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला. अशा वेळी दरडी पडतात, रस्ता बंद होतो. आणि डिसेंबरनंतर जावे तर धबधबे आटलेले, कारण हा सगळा काळा कातळ, पाणी फार काळ धरून ठेवत नाही. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य एवढ्या दिवसांत पाऊसही ओसरतो आणि पाणीही वाहत असते.

माझी सायकल जुनी, काळी, बावीस इंची, सळईच्या ब्रेकची, गिअर नसलेली. मुलीची गिअरची, जुन्या बाजारातून साडेचार हजाराला घेतलेली. खर्च नको म्हणून मी एकच बदल केला. मागचे अठरा दात्यांचे फ्रीव्हील काढून बावीस दात्यांचे बसवले. दाते वाढले की पायडलच्या एका फेऱ्यात चाक कमी फिरते, वेग कमी होतो, पण चढाला जोर कमी लागतो. हजारोंची सायकल नसली तरी घाट चढता येतो, तो असा. शिवाय ब्रेकचे सगळे रबर नवीन घातले. ते का, ते पुढे कळेल.

पत्नीची काळजी वेगळी होती. ‘‘अहो, पोरीला घेऊन जंगलात, घाटात. कोणी अडवलं तर? लोक काय म्हणतील ते सोडा, पण रात्री राहायचं कुठं?’’ रात्रीचा प्रश्न तिनेच सोडवला. घाट उतरल्यावर निजामपूरजवळ तिची मावशी राहते, तिला फोन केला. परतीसाठी माझे मेहुणे टेम्पो घेऊन कोलाडला येणार होते, त्यांना त्या बाजूला भाडे होतेच. एवढे ठरल्यावर तिने रात्री बारापर्यंत भाकरी केल्या.

पहाटे साडेचारला निघालो. औंध, पाषाण, चांदणी चौक, भूगाव. हा भाग मी थोडक्यात सांगतो, कारण तिथे बघण्यासारखे इमारतींशिवाय काही नाही. पिरंगुटचा छोटा घाट हीच पहिली परीक्षा. मुलगी गिअर टाकून पुढे गेली, मी उभा राहून पायडल मारत मागे. पौडला चहा झाला. पौड सोडले की रस्ता हिरवा होत जातो, भातखाचरे लागतात, आणि मुळा आपल्या सोबतीला येते. इथे ती स्वच्छ वाहते. मुलगी थांबून पाहत राहिली. म्हणाली, ‘‘ही आपली मुळा? ओळखूच येत नाही.’’

साडेनऊच्या सुमारास मुळशीच्या धरणाशी पोहोचलो.

आपल्या तरुण वाचकांना कदाचित ठाऊक नसेल म्हणून सांगतो. हे धरण टाटांच्या कंपनीने विजेसाठी बांधले. मुळा आणि निळा या नद्यांचे पाणी अडवले आणि पन्नासाच्या आसपास गावे त्या पाण्याच्या पोटात जाणार म्हणून १९२१ साली इथे सत्याग्रह झाला. पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी होते, लोक त्यांना सेनापती म्हणू लागले ते याच लढ्यापासून. तीन वर्षे लढा चालला, शेवटी धरण झाले. धरणावर लढणाऱ्यांची नावे इतिहासात आली, हे योग्यच. माझ्या आजीच्या वडिलांसारख्यांची नावे मात्र कोणत्या पुस्तकात शोधायची?

रस्ता जलाशयाच्या कडेकडेने जातो. त्या दिवशी पाणी काठोकाठ होते, वारा नव्हता, समोरचे डोंगर पाण्यात उलटे दिसत होते. फार सुंदर. मोटारी थांबवून लोक फोटो काढत होते. आम्हीही थांबलो, भाकरी-ठेचा आणि उकडलेली अंडी खाल्ली. मुलीने विचारले, ‘‘पणजीचं गाव नेमकं कुठं?’’ मला एवढेच माहीत होते की आजी ताम्हिणीच्या बाजूला हात दाखवत असे. मी पण तसाच हात दाखवला. ती बराच वेळ तिकडे पाहत होती. मग तिने सायकल उचलली आणि तो सगळा काठ ती एकदाही पुढे न पळता माझ्या बरोबरीने चालवत आली. मोटारीतून हा काठ अर्ध्या तासात संपतो. आम्हाला अडीच तास लागले, आणि तेवढा वेळ आजीच्या गावासाठी काही जास्त नव्हता.

ताम्हिणी गावाजवळ विंझाई देवीचे देऊळ आणि त्याभोवती जुनी दाट झाडी आहे. तिथून खरे जंगल सुरू होते. हा भाग २०१३ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाला. हिरडा, जांभूळ, अंजन, वर गच्च पाने आणि खाली ओल. शेकरू, म्हणजे आपल्या राज्याचा प्राणी, ती मोठी तांबूस खार, इथे आहे. आम्हाला शेकरू दिसले नाही, फांद्यांच्या बेचक्यातले तिचे घरटे तेवढे दिसले. पण शीळ घालणारा कस्तूर मात्र ऐकू आला. माणूस वाट चुकून शीळ घालत फिरतोय असेच वाटते. मुलगी दोनदा मागे वळली, म्हणाली, ‘‘कोण टवाळी करतंय?’’ हा पक्षी मोटारीच्या काचेतून ऐकू येणार नाही. सायकलला आवाज नसतो, म्हणून जंगल आपल्याला घाबरून गप्प होत नाही.

ताम्हिणीनंतर थोड्याच अंतरात एक गोष्ट घडते, ती पायांना आधी कळते. चढ संपतो. मी मुलीला सांगितले, ‘‘रस्त्याकडेच्या ओहोळांकडे बघ.’’ आतापर्यंत प्रत्येक ओहोळ आमच्या मागच्या बाजूला, पूर्वेकडे धावत होता. ते पाणी मुळेत, मुळेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी थेट बंगालच्या उपसागरात. इथून पुढचा प्रत्येक ओहोळ पश्चिमेला वळतो, कुंडलिका नदीच्या दरीत उडी घेतो आणि रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळतो. एकाच ढगातला पाऊस, चार पावले इकडे पडला की एका समुद्राला, तिकडे पडला की दुसऱ्या. भूगोलाच्या पुस्तकात ‘जलविभाजक’ हा शब्द मी पाठ केला होता. त्या दिवशी तो पाहिला.

आणि मग दरी उघडते. डाव्या-उजव्या हाताला सरळ तुटलेले काळे कडे, थरावर थर, जणू कोणी भाकऱ्यांची चळत रचून सुरीने कापली आहे. हे ज्वालामुखीच्या लाव्हाचे थर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. प्रत्येक थरावरून पाणी. कुठे पांढरी दोरी लोंबावी तसे बारीक, कुठे रस्त्यालगतच दहा-पंधरा फुटांवरून धो धो. समोरच्या कड्यावरचे आम्ही मोजत होतो, सतरापर्यंत मोजले आणि खालून ढग वर आला, सगळे झाकले गेले. पाच मिनिटांनी ढग गेला तेव्हा ऊन पडले होते आणि सगळे कडे चमकत होते. कड्याच्या उतारावर सोनकीची पिवळी फुले आणि तेरडा. खाली खोल दरीत गच्च अरण्य, तिथलेच ते अंधारबन. नावाप्रमाणेच, भर दुपारी आत उजेड पोहोचत नाही. आम्ही सायकली कठड्याला टेकवून बसलो. मुलगी काही बोलत नव्हती, मीही नाही. बावन्न वर्षांच्या आयुष्यात मी कामाच्या दिवशी दुपारी दोन वाजता काहीही न करता बसलो, असे आठवत नाही.

आता थोडे कडू बोलतो. दोन तरुण पोरे धबधब्याच्या वरच्या अंगाला, शेवाळलेल्या कातळावर उभे राहून मोबाईलने चित्रीकरण करत होती. मी ओरडलो, त्यांनी हसून हात हलवला. त्याच वर्षी ३० जूनला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्यातल्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले होते, त्यात लहान मुले होती. पाणी आधी घोट्याएवढेच असते. पण वर डोंगरमाथ्यावर पाऊस झाला की तो लोंढा काही मिनिटांत खाली येतो, आणि खाली तर ऊनच असते, म्हणून कळत नाही. ओला कातळ तर साबणासारखा. आमचा नियम ठरलेला होता: धबधबा रस्त्यावरून बघायचा, पाण्यात पाय घालायचा नाही. देवकुंडचा प्रसिद्ध धबधबा याच दरीत आहे, भिऱ्याच्या बाजूने तिकडे वाट जाते. तिथे अनेक जीव गेले आहेत आणि पावसाळ्यात प्रशासन बंदी घालते. मुलीला जायचे होते. मी नाही म्हटले, ती जराशी रुसली. रुसू दे. पुराच्या काठी राहणाऱ्यांना पाण्याची थट्टा परवडत नाही.

चढापेक्षा उताराची काळजी जास्त. विळ्यापर्यंत रस्ता सुमारे पाचशे मीटर खाली उतरतो, वळणावर वळण. माझी सायकल लोखंडी रिमची. लोखंडी रिम ओली झाली की रबर धरत नाही, आणि इथे प्रत्येक धबधब्याखाली रस्ता ओला. म्हणून नवीन रबर. ओले आले की आधीच ब्रेक हलके लावत राहायचे, म्हणजे रिम पुसली जाते. सलग दाबून ठेवायचे नाहीत, पुढचा-मागचा आलटून पालटून. दर दोन किलोमीटरवर थांबून रिमला हात लावून बघायचा, तापली असेल तर निवू द्यायची. मुलीला मी मागे ठेवले आणि वीस पावलांचे अंतर राखायला सांगितले. एका वळणावर मोटार आमच्या बाजूला घुसली, पण आमचा वेग चालण्यापेक्षा थोडाच जास्त होता, आम्ही कडेला थांबलो, ती गेली. खाली विळ्याला पोहोचलो तेव्हा माझी बोटे वळत नव्हती. मुलीचे मागचे चाक तेवढ्यात पंक्चर झाले. तिने ते स्वतः काढले, मला हात लावू दिला नाही.

निजामपूरजवळच्या बौद्धवाडीत पोहोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. सकाळपासून नव्वद किलोमीटरच्या वर झाले होते. मावशींनी गरम पाणी तयार ठेवले होते. जयभीम झाला आणि पहिला प्रश्न, ‘‘एवढ्या लांब सायकलीवर? यष्टी बंद आहे काय?’’ मग शेजारच्या बायका आल्या. एकीने मुलीच्या सायकलीची सीट दाबून पाहिली आणि म्हणाली, ‘‘गो बाय, हिच्यावर दिवसभर बसलीस?’’ तांदळाची भाकरी आणि सुकटीचे कालवण. मी चार भाकरी खाल्ल्या. मुलगी जेवतानाच झोपली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो, विळ्याहून कोलाडच्या रस्त्याला. हा सगळा रस्ता कुंडलिकेच्या खोऱ्यातून जातो. कालची उंच दरी आता उजव्या हाताला मागे राहिली होती, निळसर. त्या डोंगराच्या पायथ्याशी भिरा आहे. मुळशी धरणाचे पाणी डोंगरातल्या बोगद्याने आणि मग लोखंडी नळांनी भिऱ्याला येते, सुमारे पाचशे मीटर खाली पडते, तिथे त्याची वीज होते. १९२७ साली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. ती वीज मुंबईला गेली, तिथल्या गिरण्यांना. त्या गिरण्यांत कोकणातले आपले कितीतरी लोक राबले. पूर्वेला जाणारे पाणी पश्चिमेला वळवले, माणसेही वळली.

हे मी मुलीला सांगत होतो, तेव्हा तीच म्हणाली, ‘‘१९२७ म्हणजे महाडचं साल.’’ माझ्या लक्षात आले नव्हते. खरेच की! हाच जिल्हा, तेव्हाचा कुलाबा. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याच वर्षी इकडे अख्ख्या नदीचे पाणी डोंगर फोडून आणणारी यंत्रे फिरू लागली. एवढे सामर्थ्य माणसाकडे होते, आणि माणसाला तळ्यावर एक ओंजळ पाणी मिळत नव्हते. आम्ही दोघे काही अंतर न बोलता पायडल मारत राहिलो.

कोलाडला नदीच्या काठी पोहोचलो तेव्हा नऊ वाजत आले होते. तिथे रबरी होड्यांतून लाटांवरून जाण्याचा खेळ चालतो, मुंबईची माणसे पैसे भरून येतात. पाणी हळूहळू चढत होते. एका होडीवाल्या पोराने सांगितले, सकाळी भिऱ्याला वीज तयार झाली की पाणी सुटते, ते इथे पोहोचले की होड्या सोडायच्या, वरून बंद झाले की खेळ संपला. म्हणजे या खेळाचे वेळापत्रक वीजघर ठरवते. मुलगी म्हणाली, ‘‘आणि आपल्याकडं पाणी कधी येणार तेही वरूनच ठरतं.’’ काठावरच्या दगडावर बसून आम्ही उरलेली गूळ-शेंगदाण्याची पुडी संपवली.

मेहुणे अकराला टेम्पो घेऊन आले. सायकली दोरीने बांधताना त्यांनी भाचीला विचारले, ‘‘काय, हौस फिटली का?’’

‘‘नाही मामा. आता २० मार्चला. भोरवरून वरंध्याच्या घाटानं महाडला. तोही घाट जंगलाचाच आहे. आईला पण घेऊन.’’

‘‘आईला? ती सायकल चालवते?’’

‘‘लहानपणी चालवायची, तुम्हीच शिकवली ना तिला,’’ ती म्हणाली. मेहुण्यांना आठवले, ते हसायला लागले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘दाजी, जुना बाजार बुधवारी असतो ना? मला सांगा, मी टेम्पो घेऊन येतो.’’